आकाशातले काय निवडावे?



युनियनचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाई भत्ता आणि कामाचे तास यांवर बोलणार असे लोक धरून चालतात. आज पहिल्या दोन विषयांना सुट्टी आहे. तिसरा मात्र बोलण्याच्या ओघात येणार आहे, कारण रात्रीचे आकाश आणि कामाचे तास यांचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

गेल्या काही वर्षांत दुर्बिणीची एक नवी जात बाजारात आली आहे. तिला स्मार्ट दुर्बीण म्हणतात. जुन्या दुर्बिणीला डोळा लावावा लागे. हिला डोळा लावण्याची जागाच नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यात असते तसली प्रकाश टिपणारी चकती डोळ्याच्या जागी बसवलेली असते. तिपाईवर ठेवून कळ दाबली की ती आकाशाचा एक फोटो काढते, त्यातल्या ताऱ्यांची मांडणी आपल्याजवळच्या नकाशाशी ताडून पाहते आणि आपले तोंड कोणीकडे आहे हे स्वतःच ओळखते. मग मोबाइलवर आपण नाव निवडायचे. ती तिकडे वळते, दहा-दहा किंवा वीस-वीस सेकंदांचे फोटो काढू लागते आणि ते एकावर एक रचत जाते. आमच्यापैकी काही जणांनी वर्गणी काढून २०२३ साली आलेली ‘सीस्टार एस-५०’ नावाची अशी दुर्बीण घेतली. भिंग अवघे ५० मिलिमीटरचे, म्हणजे दोन इंचांचे. पुढे जे आकडे येतील ते या यंत्राचे आहेत असे समजावे.

पूर्वी गावातून एखादी दीर्घिका शोधायला अर्धी रात्र जाई. त्यामुळे काय पाहायचे हा प्रश्नच उद्भवत नसे. जे सापडेल ते आपले. आता शोधण्याचे कष्ट यंत्राने आपल्या अंगावर घेतले आणि निवडण्याचे काम तेवढे आपल्याकडे ठेवले. नव्या माणसाच्या हाती हे यंत्र पडले की तो जत्रेतल्या पोरासारखा वागतो. या दुकानात पाच मिनिटे, त्या दुकानात पाच मिनिटे. रात्रीत वीस वस्तू पाहून होतात आणि सकाळी मोबाइलमध्ये वीस करड्या डागांचा संग्रह उरतो.

असे का होते ते समजून घेण्यासारखे आहे. दहा सेकंदांच्या एका फोटोत दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश अगदी थोडा येतो आणि त्यात गावच्या दिव्यांची, हवेची, खुद्द यंत्राची खळबळ मिसळलेली असते. फोटो एकावर एक रचले की खरा प्रकाश दर वेळी त्याच जागी पडतो म्हणून साठत जातो. खळबळ कधी इकडे कधी तिकडे पडते म्हणून पुसट होत जाते. वर्गणीसारखेच आहे हे. एकाची पावली कुणाच्या हिशोबात नसते, पण हजार जणांच्या पावल्यांतून कचेरीचे भाडे निघते. मात्र गणित थोडे कडक आहे. चित्र दुप्पट स्वच्छ हवे असेल तर वेळ चौपट द्यावा लागतो. पंधरा मिनिटांच्या चित्रापेक्षा दुप्पट चांगले चित्र तासाला मिळते आणि त्याहून दुप्पट हवे तर चार तास. म्हणजे रात्रीचे दोन तास हाती असलेल्या माणसाने दोन, फार तर तीन वस्तू निवडाव्यात. कोणत्या, हा सगळा प्रश्न आहे.

यंत्राबरोबर ‘आज रात्री काय पाहावे’ अशी एक यादीही मोबाइलवर येते. सोय चांगली आहे, मी तिला नावे ठेवत नाही. पण यादी समोर आली की ती कोणी केली आणि कशासाठी केली हे आधी विचारावे, अशी मला कामामुळे सवय लागली आहे. मालकाने मागण्यांची यादी केली तर तिच्यात काय असेल हे आपण जाणतो.

आकाशातली सर्वांत प्रसिद्ध यादी चार्ल्स मेसिए या फ्रेंच माणसाची. याची कथा ऐका. हा १७३० सालचा जन्म. पॅरिसला आला आणि अक्षर सुवाच्य म्हणून देलिल नावाच्या ज्योतिर्विदाकडे १७५१ साली नोंदी उतरून घेण्याच्या कामावर लागला. आमच्यासारख्यांना हा माणूस आपला वाटावा असा. पुढे त्याला धूमकेतू शोधण्याचे वेड लागले. धूमकेतू लांब असताना धुरकट ठिपक्यासारखा दिसतो आणि आकाशात तसेच दुसरे धुरकट ठिपके कायमचे आहेत. ते धूमकेतू म्हणून फसवतात. तेव्हा मेसिएने अशा फसव्या ठिपक्यांची यादी केली, की यांच्याकडे वेळ दवडू नये. १७७४ साली छापलेल्या पहिल्या भागात ४५ नोंदी होत्या, १७८१ पर्यंत त्या १०३ झाल्या, आणि मागाहून भर पडून आज आपण ११० मोजतो. गंमत अशी की, ज्यांच्याकडे पाहू नये म्हणून त्याने यादी केली, त्यांच्याकडेच आज जगभरचे हौशी लोक आधी पाहतात.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. मेसिए पॅरिसच्या गच्चीवर बसला होता. पॅरिस जवळजवळ ४९ अंश उत्तर अक्षांशावर. आपले गाव सतरावर. दक्षिणेचे जे आकाश आपल्याला अंगणातून दिसते ते त्याच्या क्षितिजाच्या खाली होते. त्यामुळे साऱ्या आकाशातला सर्वांत भव्य तारकागुच्छ त्याच्या यादीत नाही, आणि जो माणूस डोळे मिटून मेसिएची यादी घेतो त्याच्याही यादीत तो नसतो. त्याच्याकडे मी येणारच आहे.

आधी निवडीच्या दोन-चार गोष्टी. आमच्या यंत्राच्या चौकटीत आकाशाचा सुमारे सव्वा अंश लांब आणि पाऊण अंशाहून किंचित कमी रुंद तुकडा मावतो. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा, म्हणजे दोन चंद्र शेजारी शेजारी बसतील एवढी ती जागा. देवयानी दीर्घिका तीन अंश लांब आहे. ती या चौकटीत म्हणजे बैलगाडी खोलीत घेण्याचा प्रकार. तुकडे जोडून पूर्ण चित्र करता येते, पण मग वेळही त्या पटीत लागतो. उलट टोकाला अभिजितजवळचा कंकणाकृती तेजोमेघ, मेसिएचा ५७ वा. पुस्तकातल्या चित्रात तो बांगडीसारखा दिसतो. आमच्या यंत्राच्या चौकटीत १,९२० ठिपके लांबीला आणि १,०८० रुंदीला असतात, त्यांतले या कंकणाच्या वाट्याला पस्तीसेक येतात. बांगडीची अपेक्षा ठेवून बसलेल्याला चमकी मिळते. चौकटीच्या विसाव्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत भरेल अशी वस्तू घ्यावी, असा आमचा साधारण संकेत आहे.

दुसरी गोष्ट प्रतीच्या आकड्याची. प्रत जितकी कमी तितकी वस्तू तेजस्वी, असे पुस्तकात असते. मेसिए १०१ ही सप्तर्षीतली दीर्घिका ७.९ प्रतीची आणि मेसिए ५१ ही ८.४ ची. कागदावर पहिली सरस. गावातून पाहायला जा, दुसरी दहा मिनिटांत आपले वळसे दाखवू लागते आणि पहिली तासाभरानेही लाजत असते. कारण पहिलीचा प्रकाश जवळजवळ पूर्ण चंद्राएवढ्या जागेवर पसरलेला आहे. एक वाटी तूप दोन भाकऱ्यांवर आणि तेच वीस भाकऱ्यांवर लावून पाहा म्हणजे हा मुद्दा घरच्या मंडळींनाही पटेल. तेव्हा प्रतीबरोबर आकार बघावा.

तिसरी गोष्ट प्रकाशाच्या जातीची, आणि गावात राहणाऱ्यांना हीच मोठी. या यंत्रात एक गाळणी आहे. ती फक्त हायड्रोजनचा लाल आणि ऑक्सिजनचा हिरवट-निळा, असे दोनच अरुंद पट्टे आत सोडते. तप्त वायूचे तेजोमेघ नेमके याच रंगांत जळतात. म्हणून रस्त्यावर दिवे असले तरी गाळणी लावून तेजोमेघ चांगले येतात. दीर्घिका म्हणजे कोट्यवधी ताऱ्यांचा मिळून प्रकाश. त्यात सगळेच रंग. तिथे गाळणी लावली तर चोराबरोबर संन्यासीही अडकतो. दीर्घिकेला काळोखच हवा. तारकागुच्छांचे तसे नाही. त्यांतले तारे सुटे टिंब असतात, चांदण्यातही निभावून जातात. यावरून महिन्याची वाटणी आपोआप होते. चैत्रात पौर्णिमेचा चंद्र चित्रेच्या आसपास असतो, म्हणूनच महिन्याचे नाव चैत्र. त्या रात्री गुच्छ पाहावेत. वद्य दशमीपासून अक्षय्यतृतीयेपर्यंतच्या रात्री दीर्घिकांसाठी राखून ठेवाव्यात. पंचांग नुसते मुहूर्तालाच लागते असे नाही.

चौथी गोष्ट उंचीची. क्षितिजाजवळ हवेचा थर जाड, हे सर्वांना ठाऊक आहे. पण अगदी डोक्यावरची वस्तूही या यंत्राला सोसत नाही, हे नव्या माणसाला ठाऊक नसते. यंत्र आडवे आणि उभे असे दोनच प्रकारे वळते, आणि आकाश तर ध्रुवाभोवती गोल फिरते. त्यामुळे चौकटीतले चित्र हळूहळू तव्यावरच्या भाकरीसारखे फिरत राहते. डोक्याजवळ हे फिरणे फार वेगाने होते आणि कडांचा भाग वाया जातो. सिंह राशीत तीन दीर्घिकांचे एक सुरेख त्रिकूट आहे. तिन्ही एकाच चौकटीत मावतात. पण मेच्या आरंभी रात्री सव्वानऊला ते आपल्या जवळजवळ माथ्यावर असते. जरा थांबून पावणेअकराला घेतले तर तीच वस्तू निमूटपणे बसते.

आता कामाचे तास. १ मेची रात्र धरून चालू; ही तारीख कामगारालाही पाठ आहे आणि महाराष्ट्रालाही. वेळा दर वर्षी त्याच असतात, फक्त दर रात्री चार मिनिटे लवकर होत जातात. पहिल्या पाळीचा माणूस पहाटे पाचला उठतो, त्याला दहाला अंथरुणावर पडलेच पाहिजे. काळोख नीट व्हायला सव्वाआठ वाजतात. त्याने उत्तरेला ३७-३८ अंशांवर मेसिए ८१ आणि ८२ ही जोडी घ्यावी. एक डौलदार चक्रासारखी, दुसरी कडेवर उभी राहिलेली आणि मध्येच फाटल्यासारखी. दोन्ही एकाच चौकटीत येतात. तासभर द्यावा आणि निजावे. तिसऱ्या पाळीवाल्याला आठवड्याच्या सुट्टीचीच रात्र. तो एरवीही जागाच असतो. रात्री दीडनंतर धनु राशीतला मेसिए ८ हा तेजोमेघ आग्नेयेला पुरेसा वर येतो. गाळणी लावली की गावच्या उजेडातही तो लालबुंद उमटतो. पहाटे चारच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला असतो.

राहिली दुसरी पाळी, तीन ते अकरा. हिच्या वाट्याला नेहमी उरलेसुरले येते. पोरे शाळेतून येतात तेव्हा बाप कामावर, बाप येतो तेव्हा पोरे झोपलेली. पण या दिवसांत आकाशाने सगळ्यांत चांगले ताट दुसऱ्या पाळीसाठी वाढून ठेवलेले आहे. १ मेला रात्री अकरा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. ६२ अंशांवर चित्रा असते. तिच्यापासून सरळ खाली उतरत या. ४३ अंशांवर वासुकीच्या शेपटाशी मेसिए ८३ ही दीर्घिका. ही १७५२ साली लाकाय नावाच्या फ्रेंच ज्योतिर्विदाने दक्षिण आफ्रिकेच्या टोकावरून शोधली. पॅरिसहून ती क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर येते, तरी मेसिएने तिची नोंद केली, हा त्याच्या चिकाटीचा पुरावा. आपल्याला ती चौपट उंचीवर मिळते. विसाव्या शतकात या एकाच दीर्घिकेत सहा तारे फुटताना नोंदले गेले. हिला तास द्यावा लागतो.

आणखी खाली ३० अंशांवर नरतुरंगातली एनजीसी ५१२८. गोल उजळ दीर्घिका आणि तिच्या मधोमध धुळीचा काळा पट्टा, जणू जखमेवर बांधलेली पट्टी. सुमारे सव्वा कोटी प्रकाशवर्षांवर आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियातल्या बोल्टन, स्टॅन्ली आणि स्ली यांनी आकाशातून येणाऱ्या एका जोरकस रेडिओलहरींच्या उगमाचा संबंध हिच्याशी जोडला. आमच्या दोन इंची भिंगातून वीस मिनिटांत तो काळा पट्टा स्पष्ट होतो. ही वस्तू मेसिएच्या यादीत नाही.

आणि त्याखाली, साडेपंचवीस अंशांवर, मघाशी म्हटलेला तारकागुच्छ. नाव ओमेगा सेंटॉरी. नावावरूनच दिसते की आधी त्याला एक तारा समजत. बायरने १६०३ साली ओमेगा हे अक्षर दिले ते ताराच म्हणून. हॅलेने १६७७ साली सेंट हेलेना बेटावरून पाहून हा तारा नव्हे असे नोंदवले. सुमारे सतरा हजार प्रकाशवर्षांवर एक कोटीच्या आसपास तारे एका गोळ्यात कोंबलेले आहेत. एखाद्या छोट्या दीर्घिकेचा हा उरलेला गाभा असावा असे आता बरेच शास्त्रज्ञ मानतात. मध्याजवळचे काही तारे इतक्या वेगाने धावताना सापडले की तिथे सूर्याच्या निदान ८,२०० पट वस्तुमानाचे कृष्णविवर असले पाहिजे, असे २०२४ साली हबल दुर्बिणीच्या वीस वर्षांच्या चित्रांवरून मांडले गेले. पॅरिसमध्ये हा गुच्छ क्षितिजाच्या सहा अंश खालीच राहतो. आपल्या चौकटीत तो थेट चंद्राएवढा भरतो आणि पंधरा मिनिटे पुरतात. फोटो दहा सेकंदांचेच ठेवावेत, म्हणजे मधला भाग जळत नाही.

वळून उत्तरेकडे पाहिले तर त्याच वेळी साठ अंशांवर मेसिए ५१ असते. ओमेगा खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ४७ अंश, ही उत्तरेला ४७. तिचे वळसे १८४५ साली आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉसने सहा फूट व्यासाच्या आरशातून पहिल्यांदा पाहिले, तेव्हा तेवढी दुर्बीण जगात दुसरी नव्हती. पण एका रात्रीत हे सगळे घेण्याचा मोह टाळावा. दोन निवडा, बाकीच्या उद्यासाठी ठेवा.

गेल्या वर्षी चाळीच्या गच्चीवर आम्ही यंत्र मांडले होते. मोबाइलवर चित्र उजळत होते, मंडळी वाहवा करीत होती. एक जुने फिटर मागे उभे होते. ते म्हणाले, “दादा, ह्ये आत्ताचं हाय, का आदीच भरून ठेवल्यालं?” सगळे हसले, पण प्रश्न बिनतोड होता. पडद्यावर दाखवलेली कोणती गोष्ट खरी मानायची, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मी त्यांनाच भिंगावर हात धरायला सांगितले. धरला, आणि चित्राची वाढ थांबली. पुढचे सगळे फोटो यंत्राने बाद केले. मग त्यांच्या हाती साधी द्विनेत्री दिली आणि ओमेगा दाखवला. दोन्ही भिंगांतून त्यांना फुंकर मारल्यासारखा एक धुरकट गोळा दिसला. तो त्यांनी बराच वेळ पाहिला आणि मग पुन्हा मोबाइलकडे आले. तेव्हापासून मंडळी जमणार असतील तर आम्ही पहिली वस्तू अशी निवडतो, की जी डोळ्यांना किंवा द्विनेत्रीला स्वतंत्रपणे दिसेल. एकदा त्या जागी काहीतरी आहे हे आपल्या डोळ्यांनी ठरले, म्हणजे पुढे यंत्राची साक्ष मानायला माणसे तयार होतात.

आता या रांगेला एक धोका आहे तोही सांगतो. साडेपंचवीस अंशांवरून येणारा प्रकाश माथ्यावरच्यापेक्षा सव्वादोन पटींहून अधिक हवा ओलांडून येतो. त्या हवेत गावच्या दिव्यांचा उजेड मिसळला की आधी हा गुच्छ बुडतो, मग एनजीसी ५१२८. आपल्या दक्षिणेच्या रस्त्यावर नवे पांढरे दिवे आल्यापासून द्विनेत्रीतला तो गोळा पूर्वीपेक्षा फिका झाला आहे. दिवे नकोत असे मी म्हणत नाही. रात्री अकराला कारखान्यातून सायकलीवर घरी येणाऱ्या बाईला रस्त्यावर उजेड हवाच. पण उजेड रस्त्यावर हवा, आभाळात त्याचे काय काम? दिव्याला वरून झाकण बसवले तर तेवढ्याच विजेत रस्ता जास्त उजळतो. पेंचच्या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान मिळाला, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट आहे. पण पेंच नागपूरच्या पलीकडे. एक दिवसाची रजा मिळवताना ज्याच्या नाकी नऊ येतात तो तिथे कधी जाणार? त्याचे आकाश म्हणजे त्याची गच्ची. झाकणांचा अर्ज आम्ही तयार केला आहे. बाहेर टेबलावर ठेवला आहे, सही ऐच्छिक आहे.

मृगाचा पाऊस सुरू झाला की चार महिने आकाशाला टाळे. तोवर एक संधी आहे. रोज चार मिनिटांच्या हिशोबाने मेच्या अखेरीस ही चित्रेखालची रांग साडेनऊलाच दक्षिणेवर येते, म्हणजे पहिल्या पाळीच्या लोकांनाही ती झोपेआधी सापडते. ढग आणि चंद्र दोन्ही नसतील त्या रात्री आम्ही गच्ची उघडी ठेवू. दुसऱ्या पाळीवाल्यांनी सुटल्यावर यावे. तोवर रांग नैर्ऋत्येला कलायला लागलेली असेल, पण ओमेगा बारापर्यंत हाती लागतो. खुर्च्या पुरणार नाहीत, सतरंजी ज्याची त्याने आणावी, आणि मोबाइलचा उजेड कमी करून जिना चढावा.